टाचेवर शीट बसवताना

शनिवार, ६ जुलै २०२४

मागच्या गल्लीतली मावशी आज लेकाच्या दंडाला धरून माझ्या ब्रेसच्या गाळ्यावर आली. मार्चमध्ये लकवा झाला आणि डावी बाजू गेली. हात अजून अर्धवट आहे. पाय बराच परतलाय, पण पाऊल उचललं की चवडा खाली लोंबतो आणि आत वळतो. तो जमिनीला घासू नये म्हणून ती कंबर वर उचलते आणि अख्खा पाय बाहेरून फिरवून टाकते. दारापासून खुर्चीपर्यंत येतानाच तिला धाप लागली.

पिशवीतून तिने एक रेडीमेड ब्रेस काढला. मापाची चिठ्ठी अजून चिकटलेली, ‘मध्यम’. बाहेरच्या घोट्याशी प्लास्टिक घासून चकचकीत झालंय आणि मावशीच्या घोट्यावर त्याच जागी काळा डाग पडलाय. तो घालून तिला उभं केलं तर गुडघा मागे ढकलला जात होता. ब्रेसची ठेवण बुटासाठी केलेली आहे. बुटाला थोडी टाच असते, त्या उंचीवर नडगी सरळ उभी राहील असा कोन साच्यातच धरलेला असतो. तोच ब्रेस अनवाणी किंवा सपाट चपलेत वापरला की टाच खाली जाते, नडगी मागे कलते आणि प्रत्येक पावलाला गुडघा उलटा ताणला जातो. मावशीने उभ्या जन्मात बूट घातलेला नाही.

मग तिचा दिवस विचारून घेतला. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पाटी भरायची, बाजारात ओट्यावर बसायचं, मासे कोयत्यावर साफ करून द्यायचे. पायाखाली कायम पाणी, बर्फ, खवले. सध्या मासेमारी बंद आहे म्हणून सून सुकट-बोंबील घेऊन बसते. बंदी ३१ जुलैला संपेल. मावशी एवढंच म्हणाली, “एक तारखेला मना बाजारान बसाचं हाय, बाय.”

सोमवार, ८ जुलै

रात्रभर पाऊस कोसळला. रुळांवर पाणी, लोकल ठप्प, त्यामुळे मदतनीस पोरगा येऊ शकला नाही. गाळ्यात एकटीच. मावशीच्या नव्या ब्रेससाठी पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या शीटा पुसून भिंतीला उभ्या केल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले.

शीट सपाट आणि पाय कुठेच सपाट नाही. पोटरीचं एक वेळ जमतं. तो भाग शंकूच्या जवळ जातो, तिथे कागद गुंडाळला तरी फारशी सुरकुती पडणार नाही. टाचेवर तोच कागद बसवायला गेलं तर चुणी पडेल नाहीतर फाटेल, कारण टाच दोन्ही दिशांनी गोल आहे. तिच्या लगेच वर, घोट्यामागच्या शिरेपाशी, पृष्ठभाग आडवा बाहेर फुगतो आणि उभा आत वळतो. ते आणखी अवघड. कार्ल गाउसने १८२७ साली गणिताने दाखवून दिलं की सपाट पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय अशा आकारांवर बसूच शकत नाही. पृथ्वीचा सपाट नकाशा कुठे ना कुठे बिघडलेला असतो, तोही याच कारणाने.

म्हणून शीट ताणावी लागते, आणि ताणली की ती पातळ होते. ती पातळ होते नेमकी टाचेच्या वळणावर, जिथे चालताना सगळा जोर यायचा. शीट वाकायला किती विरोध करते हे जाडीच्या घनावर ठरतं. ४ मिमीची शीट ३ मिमी उरली तर तिथली ताठरता चौथ्या हिश्शाने कमी होत नाही, ती ४२ टक्क्यांवर येते. हा हिशेब शीट कापण्याआधी डोक्यात पक्का हवा. ओव्हनमधून बाहेर आलेली शीट विचार करायला वेळ देत नाही.

खिडकीतून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतात, बहुतेक फायबरच्या. माझ्या आजोबांची लाकडाची होती. फायबरची होडीही साच्यावरच घडते, पण तिथे काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन यांचे थर चढवतात. ते रेझिन एकदा घट्ट झालं की नंतर कितीही तापवा, मऊ होत नाही, शेवटी जळतं. पॉलिप्रॉपिलीन मात्र तापवलं की पुन्हा मऊ होतं. म्हणूनच ब्रेस एखाद्या हाडाला लागला तर तेवढीच जागा हीट गनने तापवून बाहेर फुगवता येते. लाटांवर चालणाऱ्या होडीला असा मऊपणा नको. पाय मात्र सुजतो, ओसरतो, वाळतो, वाढतो, त्याला ही सोय लागतेच.

बुधवार, १० जुलै

मावशीच्या पायाचा प्लास्टरचा कास्ट घेतला.

तिला गुडघा काटकोनात येईल अशा उंचीवर बसवलं. गुडघा सरळ असला की पोटरीचा मोठा स्नायू ताणलेला राहतो, आणि लकव्यानंतर तोच स्नायू पाऊल खाली खेचत असतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि पाऊल हातात येतं. पायावर स्टॉकिनेटचा मोजा चढवला, त्यावर जांभळ्या पेन्सिलने खुणा केल्या: दोन्ही घोटे, कमानीच्या वर आतल्या बाजूला टोचणारं हाड, करंगळीच्या कडेला मधोमध असतो तो उंचवटा, अंगठ्याच्या मुळाचा सांधा, आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचं हाडाचं डोकं. पेन्सिल ओली झाली की तिची शाई प्लास्टरला आतून लागते आणि पुढे साच्यावर उतरते. नडगीवर रबरी नळी उभी ठेवली, म्हणजे कास्ट कापताना पातं कातडीपर्यंत जात नाही.

ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. थोड्याच वेळात त्या गरम व्हायला लागल्या. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी पिऊन पुन्हा जिप्सम होतं तेव्हा ही ऊब बाहेर पडते. मावशी म्हणाली, “गरम लागतंय गो.” ऐकून फार बरं वाटलं. पायाला ऊब कळते आहे, म्हणजे उद्या ब्रेस कुठे लागला तर तेही कळेल. ज्या पायाची संवेदना गेलेली असते त्याच्या बाबतीत हा भरवसा नसतो. तिथे घरच्यांना रोज कातडी डोळ्यांनी तपासायला शिकवावं लागतं.

पट्टी घट्ट व्हायच्या आधी पाऊल धरून ठेवायचं असतं. एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा. टाचेचं हाड नडगीच्या रेषेत आणलं, आत वळलेला चवडा हळूहळू सरळ केला, घोटा काटकोनात. जोर केला तर स्नायू उलट प्रतिकार करतो, म्हणून दाब वाढवत न्यायचा आणि थांबायचं. तळव्याखाली टाचेची फळी न घेता साधा सपाट पाट ठेवला. मावशीच्या बाजारातली फरशी मी तिथेच धरून चालले. रेडीमेड ब्रेसमध्ये जे बिघडलं होतं ते दुरुस्त करायची जागा ही होती, पुढे कितीही घासलं तरी कोन बदलत नाही.

शुक्रवार, १२ जुलै

काल कास्टमध्ये आतून साबणाचं पाणी फिरवून प्लास्टर ओतलं, मध्ये भोकं पाडलेला लोखंडी पाइप उभा केला. आज पट्ट्या सोलून साचा बाहेर काढला. जांभळ्या खुणा नीट उतरल्यात.

हा साचा मावशीच्या पायाची हुबेहूब नक्कल आहे, आणि हुबेहूब नकलेवर शीट ओढली तर तो ब्रेस तिला घालता येणार नाही. हाडावर कातडी पातळ असते, तिथे दाब सोसत नाही. पोटरीवर मांस आहे, तिथे सोसतो. हा फरक प्लास्टरला ठाऊक नसतो. तो आपण साच्यात घालायचा. दोन्ही घोट्यांवर ओलं प्लास्टर चढवून साधारण ४ मिमी उंची वाढवली, करंगळीच्या कडेच्या हाडावरही थोडी. म्हणजे ब्रेसमध्ये तिथे पोकळी राहील. कमानीखालून आणि टाचेच्या वर दोन्ही बाजूंनी कानशीने थोडं काढलं, म्हणजे तिथे ब्रेस टाचेला धरून ठेवेल आणि ती वर निसटणार नाही. चवडा आत वळू नये म्हणून तीन ठिकाणचा दाब एकमेकाला सांभाळेल असा ठेवला: पावलाच्या पुढच्या भागाला आतल्या कडेने, टाचेलाही आतल्या कडेने, आणि या दोन्हींच्या समोर बाहेरून, घोट्याच्या पुढे. तळवा सपाट केला, बोटांखाली तो जरा पुढे वाढवला.

वरची कड कुठे संपवायची हे आजच ठरवलं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचं डोकं आहे, तिथून पाऊल उचलणारी नस अगदी कातडीखालून वळसा घालून जाते. ब्रेसची कड त्या नसेवर चढली तर ज्या त्रासासाठी ब्रेस केला तोच त्रास ब्रेसमुळे होईल. दोन बोटं खाली थांबायचं.

आमच्या हाजीअलीच्या संस्थेत, १९५५ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत, मी शिकत होते तेव्हा जुन्या कारागिरांच्या तोंडी कायम पोलिओची मुलं असत. लोखंडाच्या दोन पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि बुटात ठोकलेली रकाब, असे कॅलिपर त्यांनी आयुष्यभर बनवले. आपल्या देशात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आता माझ्याकडे येतात ती लकव्याची माणसं आणि सेरेब्रल पाल्सीची मुलं. त्या कारागिरांकडून मी जे घेतलं ते लोखंडाच्या कामाचं नव्हतं. साचा डोळ्यांनी बघून झाल्यावर ते डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत. डोळ्याला न दिसणारी खाच अंगठ्याला कळते. आज संध्याकाळी पॉलिश पेपर मारून झाल्यावर मीही तसंच केलं.

सोमवार, १५ जुलै

आज शीट ओढली.

पावसाळ्यात इथे दांड्याच्या किनाऱ्यावर प्लास्टर वाळतच नाही. हवेत मीठ, भिंतीला ओल. ओल्या साच्यावर १९० अंशांची शीट टाकली की पाण्याची वाफ होते, ती आत अडकते आणि ब्रेसची आतली बाजू खडबडीत निघते. म्हणून दोन दिवस साचा अगदी मंद उबेत ठेवला होता. सकाळी हाताला कोरडा लागला. त्यावर नायलॉनचा मोजा चढवला. तो नुसता गुळगुळीतपणासाठी नसतो, शीट आणि साचा यांच्यामधली हवा त्याच्या विणीतून सरकत पाइपाच्या भोकांपर्यंत जाते. मोजा नसेल तर शीट कुठेतरी आधी चिकटते आणि पुढची हवा कोंडून राहते. मोज्यावरून शंखजिऱ्याची पूड फिरवली, पाइप शिकंज्यात धरला, पंपाची नळी जोडली आणि पंप चालवून सुसकारा कुठून येतोय ते ऐकलं. एका जोडावरून हवा येत होती, तिथे पुट्टी भरली.

शीट घेतली ४ मिमीची. मावशी अंगाने भरलेली आहे, ३ मिमी तिच्या टाचेला पुरणार नाही. ५ मिमी घेतली असती तर ब्रेस इतका ताठ झाला असता की बसता-उठता घोटा जराही वाकला नसता.

ओव्हनमध्ये किती वेळ ठेवायची हे घड्याळावर ठरत नाही. पॉलिप्रॉपिलीन दूधट दिसतं कारण त्याच्या आत बारीक स्फटिकांचे पुंजके असतात आणि प्रकाश त्यांवर विखुरतो. १६५ अंशांच्या आसपास ते स्फटिक वितळतात आणि शीट आरपार दिसू लागते. कडांकडून सुरुवात होते, मध्ये दूधट बेट उरतं, ते लहान लहान होत नाहीसं होतं. त्या बेटाकडे बघत उभं राहायचं. ते असतानाच शीट काढली तर टाचेवर नेमका तोच भाग ताणायला नकार देतो. फार वेळ ठेवली तर ती आपल्याच वजनाने लोंबते आणि साच्यावर जायच्या आधीच मध्ये पातळ होते. रेणूच्या साखळीतले सगळे गट एकाच बाजूला रांगेत बसलेलं, असं स्फटिक धरणारं पॉलिप्रॉपिलीन ज्युलिओ नाट्टाने इटलीत १९५४ साली बनवलं, आणि १९६३ चं नोबेल त्याला कार्ल झीग्लरबरोबर मिळालं. ती रांग नसती तर हा पदार्थ चिकट, मऊ गोळा राहिला असता आणि त्यावर कोणी उभं राहू शकलं नसतं.

बेट गेलं. पोरग्याने दोन कोपरे धरले, दोन मी. तापलेली शीट झोपी गेलेलं पोर उचलावं तशी उचलावी लागते, सगळीकडून आधार देऊन. साचा आडवा होता, टाच वर. शीट मध्यरेषेवर पोटरीपासून टाचेकडे सोडत नेली, आधी टाचेवर टेकवली आणि मग दोन्ही बाजू खाली, नडगीच्या दिशेने ओढल्या. इथे हात आवरायचा असतो. एकाच बाजूने ओढलं तर टाचेचा तो कोपरा पातळ होतो. दोघांनी सारखं ओढायचं, जिथे वळण जास्त तिथे कमी. नडगीवर दोन्ही कडा एकमेकींना भेटल्या की हातमोज्यांनी चिमटत खालपर्यंत जायचं, त्या एकजीव होतात. वर पाइपाभोवती दाबलं, बोटांपुढे दाबलं. आता आत हवा जायला वाट नाही. पोरग्याने पंपाचा खटका दाबला.

मग जे होतं ते मला अजूनही दर वेळी अप्रूप वाटतं. बाहेरची हवा शीट साच्यावर दाबते. समुद्राच्या पातळीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार. मावशीच्या साच्याचं क्षेत्रफळ दीड हजार चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं. पंप पूर्ण निर्वात करत नाही असं धरलं तरी हजार किलोंहून अधिक दाब सगळीकडून एकदम, अगदी समान. कोणाच्याही हातांना हे जमणार नाही. घोट्याची कड उमटली, टाचेच्या वरची खोलगट जागा आत खेचली गेली, कमान भरून आली. पायाच्या वळणापाशी, पावलाच्या पाठीवर, एक दुमड उठली. ती जागा पुढे कापूनच टाकायची आहे, म्हणून तिथे राहू दिली.

कात्रीने जास्तीचं प्लास्टिक गरम असतानाच उतरवलं. पंप चालू ठेवला. पुन्हा दूधट रंग येऊ लागला, पातळ जागी आधी, जाड जागी नंतर. टाच पोटरीच्या आधी पांढरी झाली. किती पातळ झाली ते मोजल्यावर कळेल. साचा रात्रभर तसाच ठेवणार. स्फटिक बनताना प्लास्टिक आक्रसतं. घाईने काढलं तर ते साच्याबाहेर मोकळं आक्रसेल आणि पोटरीच्या कडा आत वळतील.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. गाळा बंद.

शेजारचे काका भेटायला आले. तोंडाच्या कॅन्सरसाठी परळच्या टाटा रुग्णालयात त्यांचं रेडिएशन चालू आहे. त्यांनी मुखवट्याचं सांगितलं. पांढरी जाळीदार शीट गरम पाण्यातून काढून सरळ चेहऱ्यावर ओढली, नाक-हनुवटी-कपाळ हातांनी दाबलं, काही मिनिटांत ती घट्ट झाली. आता रोज तो मुखवटा चढवून टेबलाला पक्का करतात, म्हणजे डोकं हलत नाही आणि किरण नेमक्या जागी पडतात. पहिल्या दिवशी गुदमरल्यासारखं झालं होतं, आता डोळे मिटून समुद्राचा विचार करतो, म्हणाले.

त्या शीटचं काम माझ्या शीटसारखंच, पण पदार्थ दुसरा. ती बहुतेक पॉलिकॅप्रोलॅक्टोनची असते, ६० अंशांच्या आसपास मऊ होते, म्हणून जिवंत कातडीवर ओढता येते. पॉलिप्रॉपिलीन तसं ओढता येत नाही, त्यासाठी आधी प्लास्टरचा पाय करावा लागतो. पण पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या ब्रेसवर माणूस वर्षभर उभा राहू शकत नाही, आणि उन्हात बंद गाडीत राहिला तर तो वाकडा होईल.

मावशीच्या डाव्या हाताची पट्टीही याच जातीची आहे. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी गरम पाण्याच्या पातेल्यातून काढून तिच्या हातावरच घडवली. ही विद्या आपल्याकडे शिकवायला सुरुवात झाली ती १९५० साली केईएम रुग्णालयात, कमलाबाई निंबकरांमुळे. अमेरिकेत जन्मलेली एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाली. फलटणच्या शेतीतलं बनबिहारी निंबकरांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे, त्यांची ही आई. तिचं नाव मात्र आमच्या क्षेत्राबाहेर फारसं कुणी घेत नाही, आणि हे मला लागतं.

गुरुवार, १८ जुलै

कंप पावणाऱ्या पात्याने ब्रेस साच्यावरून कापून काढला. कॅलिपरने मोजलं: पोटरीवर ३.८ मिमी, टाचेच्या मागे ३.१, बाहेरच्या कोपऱ्यात ३.०. चालेल.

कड कुठे कापायची यावर ब्रेसचा स्वभाव ठरतो. घोट्याच्या पुढून कापली तर घोटा कुलूपबंद होतो. मागून कापली तर मागची पट्टी स्प्रिंगसारखी वाकते, चवडा उचलून धरते, पण बसताना नडगीला पुढे झुकू देते. मावशीला बसायचं आहे, म्हणून मागून. पण तिचं पाऊल आत वळतं, त्यामुळे फार अरुंद पट्टी चालणार नाही. कड घोट्याच्या मधल्या रेषेच्या जरा मागे, बाहेरच्या बाजूला रुंद. आज मुद्दाम जास्त प्लास्टिक ठेवलंय. कमी करता येतं, वाढवता येत नाही.

शनिवार, २० जुलै

पहिली फिटिंग. ब्रेस घालून ती उभी राहिली, लेकाचा दंड सोडला, गाळ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. पाय बाहेरून फिरवणं लगेच जात नाही, शरीराला ती सवय लागली आहे. पण चवडा घासला नाही आणि गुडघा मागे गेला नाही.

अर्धा तास घालून बसवलं, मग काढून कातडी पाहिली. पोटरीवर आणि कमानीखाली लाली. ती काही मिनिटांत ओसरली, म्हणजे तो दाब मांसावर आहे, हवा तसा. करंगळीच्या कडेच्या हाडावरची लाली टिकली. हीट गनने तेवढा रुपयाएवढा भाग आरपार दिसेपर्यंत तापवला, आतून लाकडी गोळ्याने दाबून बाहेर काढला, ओल्या फडक्याने थंड केला. पुन्हा घातला, लाली नाही. मग कड अजून थोडी मागे घेतली, तिला स्टुलावर बसवलं, पुन्हा घेतली. पुढे झुकून कोयता वापरण्याचा हात करून दाखव म्हटलं. तिने उजव्या हाताने हवेतच एक पापलेट साफ केलं.

मंगळवार, २३ जुलै

बाजारासाठी लागणारं बारीकसारीक काम आज केलं, आणि खरं तर यातच जास्त डोकं गेलं.

पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, मिठाने खराब होत नाही, साबणाने धुतलं की वास जातो. बाकी सगळं मात्र खारं पाणी खातं. नेहमीच्या रिव्हेट मिठाने खराब होतात, म्हणून स्टेनलेस स्टीलच्या लावल्या. घोट्याच्या पॅडला साधा स्पंज लावला असता तर चार दिवसांत मासळीचं पाणी शोषून कुजला असता. बंद पेशींचा ईव्हीए फोम लावला, तो पाणी आत घेत नाही. वेल्क्रोच्या आकड्यांत खवले अडकून तो धरेनासा होतो, म्हणून आकड्यांची बाजू पोटरीच्या वर ठेवली आणि पट्टा असा लांब केला की तो आकडे पूर्ण झाकेल. पट्टा एका हाताने लावता यायला हवा, डावा हात अजून कामाचा नाही. कडी डावीकडे घेतली, पट्टा उजव्या हाताने ओढून परत फिरतो.

तळवा ओल्या फरशीवर सटकतो. सगळ्यात मोठा धोका हाच. तळाला खाचांचं मायक्रोसेल्युलर रबर चिकटवलं, कडेपर्यंत, आणि मागे पट्टा असलेली सपाट चप्पल एक नंबर मोठी घ्यायला सांगितलं. दुसऱ्या चपलेत तेवढ्याच जाडीचा आतला तळ टाकला, नाहीतर कंबर एका बाजूला उचलली जाईल.

हे करताना जयपूरची आठवण येत राहिली. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ मध्ये जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला तेव्हा त्यांनी हाच प्रश्न धरला होता: परदेशी पाय बुटात घालायचा, खुर्चीवर बसायचं, आणि आपला माणूस अनवाणी शेतात जातो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. त्या पायाच्या वरचा भाग पुढे एचडीपीईच्या पाइपातून होऊ लागला, तोही तापवून प्लास्टरच्या साच्यावरच चढवतात. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन त्याच पायावर १९८४ मध्ये पुन्हा नाचल्या. लोकांना तो नाच लक्षात आहे. मला त्याहून मोठं वाटतं ते शेतकऱ्याचं चिखलात उभं राहणं, कारण ते कोणी बघायला येत नाही. शेतकऱ्याबाबत जयपूरने जे विचारलं ते मासे विकणाऱ्या बाईबाबतही कारखान्यांनी विचारायला हवं. मध्यम मापाच्या पेटीत तिचा बाजार बसत नाही.

गुरुवार, १ ऑगस्ट

पहाटे होड्या निघाल्या. मावशी ब्रेस घालून काठी टेकत बंदरापर्यंत आली, नारळ घेऊन. बाजारात ती आजच बसणार नव्हती, जाळी परत यायला वेळ आहे. वाळूत ब्रेस घालून चालणं कठीण जातं, टाच रुतली की मागची पट्टी उलटा जोर करते. डांबरी रस्त्याने चल म्हटलं.

बुधवार, ७ ऑगस्ट

आज बाजारात जाऊन पाहिलं. ती ओट्यावर नाही, उलट्या क्रेटवर बसते. उंची बरोबर आहे, उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. त्या क्रेटवर उशी बांधून दिली. कातडी पाहिली, घोटे स्वच्छ आहेत. पोटरीचा पट्टा घामाने ओला राहतो आणि दुपारी पाय सुजला की आवळतो. तिथे दोन बोटं जास्त सैल राहील असा नवा पट्टा करायचा. खोबणीत साचलेले खवले जुन्या टूथब्रशने काढायचे हे सुनेला दाखवलं. तळाचं रबर बोटांच्या बाजूला झिजायला लागलंय, म्हणजे ती अजून पाऊल बाहेरून आणते. फिजिओथेरपिस्टशी त्यावर बोलायचं.

मावशीचं म्हणणं, घरात घालायला दुसरा हवा, हा बाजाराचा राहू दे, वास नको घरात. मागणी योग्य आहे. तिचा साचा मी फोडलेला नाही. घरात ती कमी चालते आणि फरशी कोरडी असते, म्हणून ३ मिमीची शीट पुरेल. घोट्यामागे उभी दोरी मोज्याखाली ठेवून एक कणा उठवला तर पातळ शीटही टाचेपाशी ताठ राहील. आतून अस्तर नाही, तळाला पातळ रबर. साचा उद्या सकाळी वाळायला ठेवते, सोमवारी ओढू.